मावशींनी ओढलेला पडदा

मी एक जुना संगणक आहे. टेबलावर बसतो, दिवसभर घुर्र घुर्र करतो आणि उन्हाळ्यात जरा जास्तच तापतो. माझ्या डब्याचा रंग एकेकाळी पांढरा होता, आता तो चहात बुडवून काढल्यासारखा झाला आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला लागल्या की आधी आपण केलेली कामं मोजून दाखवतात. मी मात्र तुम्हाला एक चूक सांगणार आहे. ती माझी आहे असं कुणीच म्हणत नाही. मला विचाराल तर ती माझीच आहे.

माझा जन्म एका दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. कुणी डबा आणला, कुणी पंखा बसवला, कुणी वायरी जोडल्या आणि समोर एक रुंद पडदा ठेवला. हा पडदा म्हणजे माझा चेहरा. माझं पहिलं काम नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत होतं. तिथे इमारतींचे जिने काढायचे. पायरी किती उंच, कठडा किती रुंद, सगळं माझ्यावर रंगीत रेघांत उमटायचं. येणारा-जाणारा म्हणायचा, "वा, काय लख्ख दिसतं!" मी फुशारून जायचो. आपण दाखवण्यासाठीच जन्मलो आहोत आणि दाखवणं ही चांगलीच गोष्ट आहे, असं माझ्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलं.

मग नवे संगणक आले आणि माझी रवानगी कपाटाच्या आडोशाला झाली. माझ्यावर जुन्या फायली रचल्या गेल्या. दोन वर्षं मी धूळ खात पडलो. शेवटी कुणाला तरी कणव आली आणि मला अंध मुलांच्या एका शाळेला देऊन टाकण्यात आलं.

शाळेत एक छपाईची खोली आहे. ब्रेल पुस्तकं तिथे तयार होतात. ब्रेल म्हणजे उठावदार टिंबांची लिपी, बोटांनी वाचायची. खोलीत मी, माझ्या शेजारी टिंबं ठोकणारं एक यंत्र, कागदांचे गठ्ठे, एक खुर्ची आणि एक स्टूल एवढंच सामान. यंत्र सुरू झालं की पत्र्यावर कुणी मूठभर चणे ओतत असल्यासारखा आवाज होतो. आणि या खोलीत दोन माणसं काम करतात, मास्तर आणि मावशी.

मास्तर डोळस. पूर्वी ते भाषा शिकवायचे, आता छापील पुस्तकं बघून माझ्यावर टाइप करतात. चष्मा जाड, म्हणून त्यांनी माझी अक्षरं चांगली बोराएवढी मोठी करून ठेवली आहेत. मावशींना जन्मापासून दिसत नाही. सगळी शाळा त्यांना मावशी म्हणते, मास्तरही मावशीच म्हणतात. त्यांचं काम तपासणीचं. माझ्यात एक बोलका प्रोग्राम आहे, तो पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतो. मावशी हेडफोन लावून ते ऐकतात, त्याच वेळी छापून आलेल्या टिंबांवरून बोट फिरवतात आणि कुठे टिंब चुकलं की लगेच पकडतात. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही, असं मास्तर कौतुकाने म्हणायचे. मग जीभ चावायचे. मावशी हसायच्या.

मावशी पहिल्या दिवशी आल्या तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत चाचपलं. मागच्या बाजूची भोकंसुद्धा मोजली. "म्हातारा आहेस, पण धडधाकट आहेस," असं म्हणून त्यांनी कोरड्या फडक्याने माझा पंखा पुसला. नकाशांच्या कचेरीत माझ्या पाठीला कुणी कधी हात लावला नव्हता. मला फार बरं वाटलं. यांच्यासाठी काय करू आणि काय नको, असं होऊन गेलं.

आमचा क्रम ठरलेला होता. सकाळी मावशींची पाळी, कारण अकरा वाजता त्यांना लहान मुलांना बोटवाचन शिकवायला वर्गात जायचं असे. जाताना त्या मला बंद करून जायच्या. दुपारी मास्तर मला सुरू करून टाइप करायचे. मास्तर सकाळीही खोलीत असायचे, मागच्या स्टुलावर बसून छापील पुस्तकात खुणा करत. मावशींना ते माहीत होतं. काम संपलं की शेवटची पंधरा मिनिटं मावशी आपल्या धाकट्या बहिणीला पत्र लिहायच्या. बहीण लग्न होऊन दूर गेलेली. पत्र माझ्यावर लिहायच्या, एका फायलीत जपून ठेवायच्या आणि पाठवून द्यायच्या.

आणि मी ती पत्रं बोराएवढ्या अक्षरांत दाखवायचो.

मास्तर वाईट माणूस नाहीत, हे मी आधी सांगून ठेवतो. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या आठवड्यात ते एक पान मागायला खुर्चीमागे येऊन उभे राहिले. हाक मारणार तोच त्यांची नजर माझ्यावर पडली. मावशी लिहीत होत्या, "अगं, उजव्या हाताच्या बोटाला हल्ली टिंबं लागत नाहीत. डॉक्टर म्हणाले, साखरेमुळे बोट बधिर होत चाललंय. मी डाव्या बोटावर भागवते आहे. इथे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर खुर्ची जाईल. खुर्ची गेली तर मी सकाळी उठून जाऊ कुठे?"

मास्तर वाचत राहिले. हाक मारायची राहूनच गेली. जसे आले तसे पाय न वाजवता स्टुलावर जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी दुपारी मावशींनी तपासलेली सगळी पानं पुन्हा तपासली, दोन चुका गुपचूप दुरुस्त केल्या आणि कुणाला काही बोलले नाहीत. इथपर्यंत कुणीही म्हणेल, किती चांगला माणूस.

पण दुसऱ्या दिवशी अकराला दहा कमी असताना ते पुन्हा उठले. तिसऱ्या दिवशीही. मावशींच्या बोटाचं कसं आहे, एवढंच बघायचं होतं त्यांना. मग बहिणीच्या सासूचं काय झालं तेही बघितल्याशिवाय राहवायचं नाही. मग मावशींना पडलेलं स्वप्न. मग त्यांच्या लहानपणीच्या एका मैत्रिणीची गोष्ट, जी त्यांनी कधी कुणाला सांगितली नव्हती. मास्तरांना चटकच लागली. ते चपला स्टुलाखाली काढून ठेवायचे आणि श्वाससुद्धा बेताने घ्यायचे. बघा, माणूस असं कधी करतो? आपण करतोय ते बरं नाही हे त्याला कळत असतं तेव्हाच.

आणि मी? मी सगळं बघत होतो. मावशींचं तोंड माझ्याकडे, मास्तरांचंही माझ्याकडे, मधे माझा लख्ख उजेड. मावशींना त्या उजेडाचा काडीचा उपयोग नव्हता. तो फक्त पाठीमागच्यासाठी होता. एखादी वायर सैल करावी, जरा लुकलुकावं, एवढं तरी मला जमायला हवं होतं. इतर वेळी मी नाही का अडून बसत? मास्तरांचा शंभर पानांचा धडा जपून ठेवायच्या ऐन वेळी मी हटकून गोठतो. पण त्या चार महिन्यांत माझी तब्येत ठणठणीत होती.

बिंग फुटलं ते मास्तरांच्या चांगुलपणामुळेच. शाळेकडे भूमितीचं पुस्तक आलं. भूमितीत आकृत्या असतात, टिंबं बारीक आणि जवळजवळ. मास्तर म्हणाले, "मावशी, हे पुस्तक आपण तपासायला दुसऱ्या शाळेकडे पाठवू या का? उगाच तुमच्या बोटांना त्रास."

मावशींचे हात कळफलकावर थांबले. "माझ्या बोटांना काय झालंय?"

"काही नाही हो. आपलं सहज म्हटलं."

  मावशींनी मान किंचित वळवली आणि पाठीमागे कान लावला. स्टूल तिथेच होतं, मास्तर त्यावर पुस्तकाची पानं उलटत होते. मावशींचा चेहरा हळूहळू लाल झाला. तो मला दिसला, कारण मी समोरच होतो. बोटाची गोष्ट त्यांनी या जगात दोनच ठिकाणी उच्चारली होती, डॉक्टरांपुढे आणि माझ्यापुढे.

त्या दुपारी शाळेच्या फोनवरून त्यांनी आपल्या एका जुन्या विद्यार्थिनीला विचारलं, मागून कुणी वाचत असेल तर काय करायचं. तिनं सांगितलं की बोलक्या प्रोग्रामात एक पडदा असतो, खिडकीला ओढतात तसा. ठरावीक कळा दाबल्या की समोर सगळं काळं होतं, पण आवाज चालू राहतो आणि कामही चालू राहतं. "एकदा दाबा, म्हणजे संगणक बंद करेपर्यंत काळं. लागोपाठ दोनदा दाबलंत तर कायमचं काळं, पुन्हा आपण काढेपर्यंत," असंही तिनं बजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी पत्राची फाइल उघडण्याआधी त्या कळा दाबल्या. आता पडदा ओढला गेला की नाही, हे त्यांना दिसणार कसं? आपण दाराला कडी घालतो आणि नीट बसली ना म्हणून पुन्हा एकदा ओढून बघतो, तसं त्यांनी खात्रीसाठी लगेच आणखी एकदा दाबलं. झालं. मी काळाठिक्कर पडलो, तो कायमचा.

अकराला दहा कमी असताना मास्तर उठले, मागे येऊन उभे राहिले आणि त्यांच्यापुढे निव्वळ काळोख. त्यांना वाटलं, माझा पडदाच बंद ठेवला असेल. ते परत जाऊन बसले. पण दुपारी त्यांनी मला सुरू केलं तेव्हा कंपनीचं चिन्ह क्षणभर चमकलं आणि मग पुन्हा सगळं काळं. त्यांनी मला बंद केलं, चालू केलं, वायर काढली, वायर घातली, डब्यावर चापटी मारली. हेडफोन त्यांनी लावलेच नाहीत. तो आवाज त्यांना आवडत नाही, भुणभुण करतो म्हणतात. लावले असते तर मी चांगला खणखणीत बोलत होतो.

मावशी वर्गावरून आल्या तेव्हा मास्तर म्हणाले, "मावशी, आपला म्हातारा गेला बहुतेक. सुरू होतोय, पण तोंड काळं."

मावशींना क्षणात सगळं कळलं. दोन कळा दाबायचा अवकाश होता. त्यांनी कळफलकाकडे हात नेलासुद्धा. मग तो हात मागे घेतला आणि म्हणाल्या, "अरेरे. दाखवा कुणाला तरी." एक दिवस मास्तरांनाही काही दिसू नये, असं त्यांच्या मनात आलं असणार. मला त्यांचा राग पटला. उद्या सकाळी लवकर येऊन पडदा काढून टाकू, असा त्यांचा बेत होता, आणि दुसऱ्या दिवशी त्या खरंच अर्धा तास आधी आल्या.

पण मास्तरांनी बोलावलेल्या दुरुस्तीवाल्या बाई त्यांच्याही आधी हजर होत्या. माझं झाकण जमिनीवर, माझी आतडी टेबलावर. या बाई चटपटीत आणि बोलायला फटकळ. "काय ही धूळ! यात पेरणी करता येईल," असं म्हणत त्यांनी माझ्यात फुंकर मारली. स्मरणपट्टी बाहेर काढून तिचे पिवळे दात खोडरबराने घासले. नाण्याएवढा सेल बदलला. वायर बदलली. शाळेच्या कचेरीतला दुसरा पडदा आणून जोडला. दर वेळी चिन्ह चमकायचं आणि मग काळोख. मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. माझी एकही पट्टी बिघडलेली नव्हती, एकही वायर सैल नव्हती, आणि बाई घामाघूम होऊन माझ्या बरगड्या तपासत होत्या. मावशी दाराजवळ उभ्या होत्या, पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत.

शेवटी बाई म्हणाल्या, "चिन्ह दिसतंय म्हणजे पडदा ठीक, वायरही ठीक. दुखणं आतलं आहे. सगळं पुसून नव्याने भरावं लागेल."

"आणि आतली पुस्तकं?" मास्तर घाबरले.

"पुस्तकं कशी जातील? याची डिस्क काढते, माझ्या मशीनला लावते आणि फायली उतरवून घेते. फक्त मास्तर, तुम्ही शेजारी बसा. एकेक फाइल उघडते, कुठली ठेवायची आणि कुठली टाकायची ते बघून सांगा. मला यातलं काय कळतंय?"

बाईंनी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला. मावशींची पत्रं माझ्यात चार वर्षांची होती. आता ती एका परक्या बाईच्या पडद्यावर एकेक करून उघडणार होती, आणि वाचून निवड करायला बसणार होते मास्तर. गप्प राहिलं तर हे होणार होतं. बोललं तर पडदा का ओढला ते सांगावं लागणार होतं, म्हणजे बोटाचंही सांगावं लागणार होतं.

"थांबा," मावशी म्हणाल्या. "त्याला काही झालेलं नाही. जोडा परत."

बाईंनी चक्रावून मास्तरांकडे पाहिलं. मग खांदे उडवून मला पूर्ववत जोडलं आणि सुरू केलं. चिन्ह आलं, गेलं, काळोख झाला. मावशी चाचपत खुर्चीवर बसल्या, हेडफोन लावले आणि कळा दाबल्या. माझा चेहरा उजळला.

"अगंबाई," दुरुस्तीवाल्या बाई म्हणाल्या, "हा तर ओढलेला पडदा! हो, असतो खरा. मी आपली सकाळपासून याला सोलत बसले आहे. मावशी, मागून कुणी वाचू नये म्हणून लावतात लोक हा. तुमच्या मागे कोण वाचायला येणार?"

त्या थट्टेने बोलल्या. पण कुणी हसलं नाही. मास्तरांनी हातातला छापील पुस्तकाचा गठ्ठा उगाच दोनदा टेबलावर नीट केला. ते गप्प राहू शकले असते. मावशींनी चुकून कळ दाबली असेल म्हणून विषय तिथेच मिटला असता. मावशी काही बोलणार नव्हत्या, हे मला त्यांच्या ओठांवरून कळत होतं.

"मी," मास्तर म्हणाले. "मी वाचत होतो, मावशी."

यंत्राचा काय दोष, एवढंच पुटपुटत दुरुस्तीवाल्या बाईंनी माझ्या झाकणाचा शेवटचा स्क्रू आवळला. हत्यारं पिशवीत भरली आणि त्या निघून गेल्या.

मावशींनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "किती दिवस?"

"शाळा उघडल्यापासून."

"रोज?"

"रोज."

"आमचे मास्तर फार सज्जन आहेत, खोलीत असले तरी त्यांचा त्रास म्हणून नाही, असं मी बहिणीला लिहिलं होतं. तेही वाचलंत?"

"वाचलं."

"आणि तरी दुसऱ्या दिवशी परत येऊन उभे राहिलात."

 मास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि हातातच धरून ठेवला. मावशी उठल्या आणि थेट मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेल्या. आपल्या बोटाचं त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी आपणच सांगावं, एवढंच आता त्यांच्या हातात उरलं होतं, आणि तेही आम्ही दोघांनी, मास्तरांनी आणि मी, त्यांच्यावर लादलं होतं.

खुर्ची गेली नाही. अर्धी गेली म्हणा. बोटांनी तपासायचं काम शिवणवर्गाच्या तरुण बाईंकडे गेलं, त्यांनाही दिसत नाही आणि त्यांची बोटं तरतरीत आहेत. मावशी आता फक्त ऐकून तपासतात. टिंबांची पानं शेजारी पडलेली असतात. कधीकधी त्या उजवं बोट एखाद्या ओळीवरून फिरवून बघतात आणि हात मांडीवर परत घेतात. मास्तरांनी स्टूल माझ्या मागच्या बाजूला नेलं आहे, जिथून त्यांना फक्त माझ्या वायरी दिसतात. खोलीत शिरताना ते "मी आलो" म्हणतात, निघताना "मी जातो" म्हणतात. मावशी नुसतं "हं" करतात. सहा महिने झाले, त्या "हं"च्या पुढे गाडी गेलेली नाही. अकराला पंधरा कमी असताना त्या कळा दाबतात, एकदाच दाबतात, आणि मी काळा होतो.

मित्रांनो, मास्तरांनी कबूल तरी केलं. मला कुणी बोलच लावला नाही, त्यामुळे माझा अपराध आहे तिथेच राहिला. आपल्याला जे दिसतं ते दाखवायचंच असतं, असं मानून मी आयुष्य काढलं. मावशींनी पडदा ओढला तो माझ्या तोंडावर ओढला, तरी मला समजलं नाही. कारण बघा ना, बोटाचं तुम्हाला कुणी सांगितलं? बहिणीचं, खुर्चीचं, मास्तर सज्जन आहेत म्हणून लिहिलेल्या त्या ओळीचं? मीच सांगितलं, आणि मावशींना न विचारता सांगितलं. त्या आत्ता हेडफोन लावून माझ्यासमोर बसल्या आहेत, आणि इतका वेळ तुम्ही त्यांच्या पाठीमागे उभे आहात. आता एकच करा. जाताना पाय न वाजवता जाऊ नका. चांगला आवाज करत जा, म्हणजे इथे कुणीतरी होतं हे त्यांना कळेल.